सातशेअठ्ठावन्न नंबरची सून

बारामतीच्या धर्मादाय दवाखान्यात मी कारकून म्हणून लागले तेव्हा मला इंजेक्शन देता येत नव्हतं, पट्टी बांधता येत नव्हती, आणि रक्त दिसलं की मी खोलीबाहेर पळायचे. पण आजारांना नंबर देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं! मूळची मी इंदापूरची, मास्तरांची मुलगी. मॅट्रिक झाले आणि बारामतीला मामाकडं राहायला आले. पन्नास साल उलटून गेलं होतं. आजारांचं एक नवीन जाडजूड पुस्तक दवाखान्यात आलेलं. जगातल्या प्रत्येक दुखण्याला त्यात एक नंबर. सगळ्या देशांत तोच. कुणाच्या पोटात दुखतंय हे विलायतेतल्या माणसालाही नुसत्या आकड्यावरून कळावं, असा त्यातला बेत. मला तर हे वाचून वेडच लागायचं बाकी होतं. इंदापूरच्या म्हातारीचा खोकला आणि लंडनच्या मडमेचा खोकला एकाच नंबराचे! मी रात्री जेवताना मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं बरं, भाकरी घे."

डॉक्टरसाहेबांचा हुकूम होता की नंबर केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं, ठसठशीत घालायचा. माणूस हडकुळा, मुंबईला शिकलेला, आवाज कधी चढवायचा नाही. मी घातले लाल नंबर. आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू झाला.

काय झालं, आमच्याकडं येणाऱ्या लोकांना अक्षर वाचता यायचं नाही, पण आकडा सगळ्यांना वाचता यायचा. बाजारात फसायचं नसेल तर आकडा यायलाच पाहिजे. तर केसपेपर हातात पडला की मंडळी ओसरीवर बसून एकमेकांचे नंबर बघायची. मला आधी काही कळेना, ही माणसं इतकी काय चर्चा करतायत. मग एके दिवशी पिंपळीचा एक गडी ऐटीत मिशीला पीळ देत बाहेर पडताना ऐकला. "आपला दोन नंबर हाय! आन् ह्यो बघा, चारशेसत्तर. बिचारा!"

अहो, दोन नंबर म्हणजे फुफ्फुसाचा क्षय! आणि तो ज्याची कीव करत होता त्याला होती साधी सर्दी! चारशेसत्तर म्हणजे सर्दीच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच बाहेर गेले आणि त्याला म्हटलं, "दादा, मिशी सोडा आणि आधी आत या. तुमचं इंजेक्शन राहिलंय."

मामा मार्केटात गुळाच्या अडतीवर तोलाईला होता. त्याला हे सांगितलं तर तो पोट धरधरून हसला. "अगं, त्यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडं एक नंबरचा गूळ म्हंजे सोन्यासारखा. दोन नंबर, जरा कमी. तीन नंबर काळपट. नंबर चढला की माल उतरला! तुझ्या त्या पुस्तकवाल्यांना कुनीतरी आधी विचारायचं का न्हाय?"

मी म्हटलं, "मामा, ही काय गुळाची ढेप आहे?"

"मानूस काय आन् ढेप काय," मामा म्हणाला, "नंबर घालायला लागल्यावर सगळं सारखंच."

असली बोलणी मामाचीच. मी त्यावर रुसून बसले होते.

आता ज्या पोरीची गोष्ट मला सांगायची आहे ती याच सुमारास आली. विशीतली असेल. माहेर इंदापूरकडचं, म्हणजे माझ्याच बाजूचं. सासर पणदऱ्याचं, बागायतदार, ऊस, दोन म्हशी, घरचं गुऱ्हाळ. तिला तिचा भाऊ घेऊन आला होता. पोरगी खाली मान घालून बसली, आणि पदराखाली उजवा हात असा लपवलेला की जणू चोरीचाच आहे. भावानंच सांगितलं. गेल्या वर्षापासून ह्या हाताला मुंग्या येतात, बोटं पांढरी पडतात, गार होतात. उसाच्या शेंड्याच्या वैरणीचा, वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन उजव्या हातानं धरून चालली की हात मेल्यासारखा होतो. धार काढताना चरवी हातातून सुटली, एकदा नाही, दोनदा. तेही सासरच्यांनी सोसलं. पण एक दिवस भाकरी उलटताना करंगळी तव्याला चिकटली आणि तिला कळलंसुद्धा नाही. सासूनं वास आल्यावर ओढलं तिला.

चटका लागून कळत नाही म्हटल्यावर गावात एकच शब्द निघाला. महारोग.

तिचं ताट वेगळं केलं, अंथरूण गोठ्यात गेलं. आणि तिला माहेरी धाडलं. धाडताना तिच्या कडेवरचं पोर काढून घेतलं. मुलगा, तेव्हा सहा महिन्यांचा. दुधाचा होता हो! इथं भाऊ बोलायचा थांबला आणि ती पोरगी पहिल्यांदा बोलली. मला वाटलं हाताचं काही सांगेल. तर म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मला बरं न्हाय केलं तरी चालंल. पर ह्यो त्यो रोग न्हाय येवढं लिहून द्या. म्हंजे माझं बाळ मला देतील."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "आणि असला तरी आता त्यावर गोळ्या निघाल्यात. पण आधी बघू तर दे." त्यांनी तिचा हात सरळ आपल्या हातात घेतला. पोरगी एकदम दचकली. किती महिने झाले असतील तिला कुणी हात लावून!

त्यांनी टाचणी टोचून बघितली, कातडी बघितली, कोपराची शीर चाचपली. मग मनगटावर नाडी धरली. तिला म्हणाले, मोठा श्वास घे आणि धरून ठेव. हनुवटी वर कर. आता मान उजवीकडं वळव. आणखी.

आणि आमचा हा मुलखाचा शांत माणूस खुर्चीतून ताडकन उठला. "गेली!"

माझ्या हातातला टाक पडला. मला वाटलं पोरगीच गेली! तर ती समोर टकामका बघत बसलेली. साहेब मला म्हणाले, "इकडे या, इकडे या. बोट ठेवा." मी ठेवलं. टप, टप, टप, नाडी चाललीय. "मान वळव," साहेब म्हणाले. तिनं वळवली, आणि माझ्या बोटाखाली काही नाही. काहीच नाही! जिवंत पोरगी समोर बसलीय आणि हाताला नाडी नाही. "सरळ कर." टप, टप, टप. हजर! मला इतका आनंद झाला की मी ओरडले, "पुन्हा! पुन्हा करा ना!" साहेबांनी डोळे वटारले, पण पुन्हा केलं बरं का.

मग त्यांनी भावाला कागदावर चित्र काढून दाखवलं. हाताला रक्त नेणारी मोठी धमनी मानेच्या बुडाशी, गळ्याच्या हाडामागून हातात उतरते. हजारात एखाद्याला तिथं जन्मतःच एक बरगडी जादा असते. ती बरगडी खालून धमनीला टोचते, आणि डोक्यावर ओझं आलं, हात वर गेला, की धमनी चेंगरते. शेजारची संवेदनेची शीरही त्यातच सापडते, म्हणून चटका कळला नाही. पक्कं करायला मानेचा एक्स-रे फोटो काढायला हवा, आणि तो पुण्यात. भाऊ तिला दौंडमार्गे रेल्वेनं घेऊन गेला, आणि काही दिवसांनी ती काळी काच आमच्याकडं आली. साहेबांनी ती खिडकीशी धरली. होती! उजव्या बाजूला, बोटाएवढी, आगाऊ बरगडी. त्या दिवशी मी सगळ्या दवाखान्याला, अगदी पाणी भरणाऱ्या बाईलासुद्धा, ती काच बघायला बोलावलं.

आता आलं माझं काम. नंबर! साहेब म्हणाले, धमनी दबलीय, तर धमन्यांच्या आजारात घाला, साडेचारशेच्या घरात. मी म्हटलं, नाही साहेब. पुस्तकात पुढंच नियम आहे, परिणामाला नंबर द्यायचा नाही, मूळ कारणाला द्यायचा. धमनी बिचारी काय करील? दोष हाडाचा, आणि तोही जन्माचा. जन्मजात हाडाचे दोष, सातशेअठ्ठावन्न. आमचं चांगलं भांडण झालं. शेवटी साहेबांनी पुस्तक स्वतः उघडून बघितलं आणि म्हणाले, "घाला." मी तो आकडा असा काढला, असा काढला, की लग्नपत्रिकेवरसुद्धा कुणी इतका देखणा काढला नसता.

भाऊ तो कागद घेऊन नाचत पणदऱ्याला गेला. आणि तिथं सासऱ्यानं कोपऱ्यातला लाल आकडा वाचला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच बैलगाडी आमच्या दारात. पोरगी तपासणीसाठी आलेलीच होती, आतल्या खोलीत बाकावर. सासरा उतरला. उंचापुरा, पांढरा फेटा, कारखान्याचा सभासद, गावात शब्दाला किंमत असलेला माणूस. सासू गाडीतच बसून राहिली, आणि तिच्या मांडीवर पोर. वरचं दूध पाजायचं म्हणून ती त्याला क्षणभर सोडत नसे, म्हणून सोबत आणलेलं. ते पोर गाडीत रडलं, आणि आत बाकावर बसलेली पोरगी अशी ताठ झाली की मला बघवेना. उठली नाही ती. बाकाची कड धरून बसली.

सासऱ्यानं कागद टेबलावर आपटला. "महारोगाचा नंबर किती?"

मी खरं ते सांगितलं. "साठ."

"आन् हिचा?"

"सातशेअठ्ठावन्न."

"मग!" तो म्हणाला. "साठवाल्याला गावाबाहेर ठेवत्यात. सातशेवालीला कुठं ठेवायचं, सांगा की! घरात तान्हं लेकरू हाय माझ्या!"

मी म्हटलं, "आबा, तो तसा नंबर नव्हे हो! गुळासारखी प्रत नाही ही. नुसता खण आहे, कुठला आजार कुठल्या खणात तेवढंच. साध्या सर्दीला चारशेसत्तर आहे. तुम्ही मागं खोकल्याला आला होता ना, तुमच्या खोकल्याला मी पाचशेच्या वर नंबर दिलाय!"

झालं! आगीतून फुफाट्यात! आबांनी छातीला हात लावला. "पाचशे? मलाबी?" तोंड एवढंसं झालं. "आन् मला कुनी बोललं न्हाय?"

मला हसावं की रडावं कळेना. साहेब बाहेर आले. शांतपणे म्हणाले, आकड्यानं घाबरत असतील तर खोडून टाका. आबा लगेच, "खोडलं म्हंजे लपवलं." मग आवाज उतरवून, साहेबांच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, "साहेब, असं करा. थोडा कमी करा की. अडतीवर इनवनी केली तर दलालबी प्रत वर चढवतोय. चाळिसाच्या आत आना. म्हंजे मला गावात तोंड दाखवता यील."

चाळिसाच्या आत! मला माहीत होतं ना चाळिसाच्या आत काय काय आहे ते, क्षयापासून गुप्तरोगांपर्यंत सगळं! माझा ताबाच सुटला. "आबा," मी ओरडले, "चाळिसाच्या आतला एकेक आजार सांगितला तर तुम्ही इथंच आडवे व्हाल! नंबर कमी-जास्त होणार नाही. विलायतेची राणी आली तरी होणार नाही!" साहेब म्हणाले, "हळू." मी म्हटलं, "हळू नाही!" आणि मी आत गेले, त्या पोरीला हाताला धरून बाहेर ओसरीवर आणलं, गाडीसमोर. तिचा उजवा हात घेतला आणि माझ्या गालावर घट्ट दाबून धरला. म्हटलं, "हे बघा! महारोग असता तर हा हात गालाला लावायला माझी अक्कल काय गहाण पडलीय का?"

तो हात गार होता.

सासू गाडीतून बघत होती. ती हळूच उतरली, पोराला घेऊन पुढं आली आणि साहेबांना म्हणाली, "हिचा भाऊ सांगत व्हता, मान वळिवली का नाडी जाती. खरं का?"

"बघा ना तुम्हीच," साहेब म्हणाले.

आबा म्हणाले, "ए, हात लावू नगंस!"

तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोर माझ्या हातात दिलं. मला, जिनं आयुष्यात तान्हं पोर धरलं नव्हतं! मी ते पोत्यासारखं कवटाळलं. सासूनं लुगड्याला बोटं पुसली, आणि पुढं केलेली बोटं सुनेच्या मनगटापासून वीतभर अंतरावर थांबली. तिथंच थांबली. मी मनात म्हणत होते, लाव बाई, लाव, लाव! आणि तिनं लावली.

साहेबांनी बोटं नीट जागेवर सरकवून दिली. "लागतीय?"

"व्हय. उडतीय."

पोरीनं श्वास घेतला. हनुवटी वर केली. मान वळवली.

"गं बया! गेली! गेली की वो!" सासूनं डोळे मोठे केले. "सरळ कर. आली! आता फिरव. गेली!" तिला माझ्यासारखंच झालं! एकदा नाही, दोनदा नाही, ती करवतच राहिली. मान वळव, सरळ कर. सून बिचारी वळवतीय. मग सासूचा हात थांबला. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजे पाटात धोंडा हाय. धोंडा हाय म्हनून पानी फुडं जात न्हाय. पानी चांगलंच हाय."

साहेब म्हणाले, "अगदी बरोबर." त्यांना इतका वेळ चित्रं काढून जे जमलं नव्हतं ते उसाला पाणी देताना पाटाची दारं धरणाऱ्या बाईनं एका वाक्यात गावाला कळेल असं केलं.

आबा चाचरत म्हणाले, "पर आकडा..."

"ऱ्हाऊ द्या वो तुमचा आकडा!" ती त्यांच्यावर खेकसली. "महारोग असा जातोय आन् येतोय व्हय? मान फिरवली का पळाला, सरळ केली का आला? तुमीच बगा हात लावून!"

आबा दोन पावलं मागं सरले. सुनेच्या हाताला सासऱ्यानं हात लावायची रीत नव्हती, म्हणून सुटले बिचारे. साहेबांनी मग सांगितलं, डोक्यावर भारा द्यायचा नाही, हंडा नाही, काही नाही. मानेचा, खांद्याचा व्यायाम करायचा. नाहीच उतार पडला तर पुण्यात ती बरगडी कापून काढतात.

"मग वाढ्याचा भारा कोन आननार?" आबा म्हणाले.

"तुमी," सासू म्हणाली.

मी फस्सकन हसले. हातातलं पोर दचकलं आणि त्यानं भोकाड पसरलं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या, आणि मग त्या पोरीकडं. ती पोराकडं बघत होती. हात पुढं करत नव्हती. सासूकडं बघायची, पोराकडं बघायची. मला कळेना मी काय करू. देऊ? कुणी दे म्हटलेलं नव्हतं.

"दे की गं बाई तिला," सासू मला म्हणाली. "बघतीस काय?"

मी दिलं. आणि काय सांगू, ते पोर आईकडं राहीना! त्याला ओळखच नव्हती. सहा महिन्यांचं असताना सुटलेलं, आता वर्षाला टेकलेलं. ते पाठ वाकवून, दोन्ही हात पसरून, आजीकडं झेपावायला लागलं. आईच्या उजव्या हातात जोर नाही, एका हातानं ते आवरेना. ती म्हणाली, "आत्याबाई, घ्या तुमीच. घाबरलंय ते." तिचा आवाज मी आजपर्यंत विसरले नाही. इतका वेळ टिकलेली पोरगी तिथं खचली.

सासूचे हात पुढं आले होते. पोर तिच्या बोटांना लागलंच होतं. तिनं हात मागं घेतले आणि पदरात गुंडाळले.

"न्हाय," ती म्हणाली. "आत जा त्याला घिऊन. दार लावून घे. मी दिसले तर त्यो तुझ्याकडं यायचाच न्हाय."

पोरगी पोराला छातीशी धरून आत गेली. मी दार ओढून घेतलं. आतून त्याचं रडणं असं ऐकू येत होतं की रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. सासू जाऊन गाडीत बसली, दवाखान्याकडं पाठ करून. आबा म्हणाले, बैल उन्हात उभे आहेत, पाणी पाजून आणतो. ती म्हणाली, "गाडी हलवायची न्हाय."

मी गाडीच्या चाकाशी उभी राहिले. त्या वेळी खिडकीपुढं रांग लागली असेल, पेपर तुंबले असतील, मला शुद्ध नव्हती. आतलं रडणं चढलं, मग घोगरं झालं, मग अडखळायला लागलं. मधेच थांबायचं, आणि मला वाटायचं झालं! की पुन्हा सुरू. सासू खाली बघून लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी दाराच्या फटीला डोळा लावून आले.

"थांबला का गं?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"थांबला," मी म्हटलं. "झोपला तिच्या खांद्यावर."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.